नवं कार्ड, जुनी वाट

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी विट्याच्या शाखेचा फोन वाजला की काय ऐकायला मिळणार ते मला उचलायच्या आधीच कळायचं. "सर, पासबुकं निघंनात." प्रिंटर ठीक असायचा, कागदही अडकलेला नसायचा. मुख्य कार्यालयातून तिकडं जाणाऱ्या छपाईच्या ओळीच रखडलेल्या असायच्या, कारण त्याच लाइनीवरून आमच्या बॅकअपची कॉपी पुण्याला निघालेली असायची आणि रात्री अकराला सुरू झालेलं ते काम अजून संपलेलं नसायचं. काउंटरपुढं आठ-दहा माणसं, त्यातली निम्मी पेन्शनवाली, आणि पलीकडं मॅडम प्रिंटरच्या तोंडात पासबुक धरून उभ्या.

मी सांगलीतल्या एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं सगळं बघतो. सगळं म्हणजे सर्व्हर, स्विच, कॅमेरे, बोटाच्या ठशाची हजेरी, आणि अधूनमधून संचालकांच्या घरचा वायफायसुद्धा. पुण्याची कॉपी हे प्रकरण आलं ते २०१९च्या पुरानंतर. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. ४० फुटाला इशारा आणि ४५ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. सर्व्हर आम्ही रात्रीत हातांनी उचलून वर नेला, यूपीएस मात्र खालीच राहिला. पाणी ओसरल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये ठरलं की डेटाची एक प्रत गावाबाहेर पाहिजे. मिरजेला नको, तिथंही तेच पाणी. मग पुण्यात एका ठिकाणी भाड्यानं रॅकमध्ये जागा घेतली. पहिली पूर्ण प्रत मी एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर घेऊन स्वतः पोचवली, पेठ नाका, कराड, सातारा असं करत, डिस्क मांडीवर. २.४ टीबी होती. लाइनीवरून पाठवत बसलो असतो तर अकरा-बारा दिवस लागले असते.

त्यानंतर रोज फक्त बदललेला भाग जायचा. दोन्हीकडं प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर आहे. तो डेटाचे तुकडे करतो आणि पलीकडं नसलेले तुकडे तेवढेच पाठवतो. आमचे हे तुकडे रोज ६० जीबीच्या आसपास भरतात. जुनी लाइन २० एमबीपीएसची, म्हणजे तासाला जेमतेम ९ जीबी. साध्या दिवशी सहा-साडेसहापर्यंत उरकायचं. पण महिनाअखेर आली, व्याज पडलं, की तोच आकडा ११० जीबीवर जायचा आणि कॉपी अकरा-साडेअकरापर्यंत चालायची. शाखा उघडतात दहाला.

पहिला इलाज म्हणून मी वेगावर लगाम घातला. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळात कॉपीला सेकंदाला ५०० केबीच्या वर द्यायचं नाही, अशी सोय त्या सॉफ्टवेअरमध्येच आहे. विट्याचा फोन बंद झाला. पण महिनाअखेरची कॉपी मग संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत रेंगाळायची, आणि तोवर पुण्यातली प्रत आदल्या दिवसाचीच. साहेबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग त्या कॉपीचा उपयोग काय?" बरोबर होतं त्यांचं. मग ५० एमबीपीएसची स्वतंत्र लीज लाइन मंजूर झाली, फक्त सांगली ते पुणे आणि फक्त कॉपीसाठी.

बॅकअप सर्व्हरला एकच लॅन पोर्ट होता, म्हणून एक नवं कार्ड घेतलं. शनिवारी दुपारी बसवलं. लाइनवाल्यांचा माणूस एक चिठ्ठी देऊन गेला. सांगलीच्या बाजूला १७२.२०.५.२, त्यांचा राउटर १७२.२०.५.१. पुण्याच्या बाजूला १७२.२०.६.२ आणि तिथला राउटर १७२.२०.६.१. मास्क दोन्हीकडं ३०चा, म्हणजे एका बाजूला दोनच पत्ते मावतात, एक आपला, एक त्यांचा. मी स्क्रीनवर पत्ता भरला, मास्क भरला, गेटवे (म्हणजे बाहेरच्या पत्त्यांची पाकिटं ज्याच्याकडं सोपवायची तो) भरला आणि ओके केलं. सॉफ्टवेअरनं नकार दिला: डीफॉल्ट गेटवे आधीच दुसऱ्या कार्डावर आहे. हे खरं होतं, जुन्या कार्डाला १०.१०.१.१ म्हणजे आमची फायरवॉल दिलेली होती. मग मी गेटवेचा रकाना रिकामा सोडला. घेतलं त्यानं. पुढच्या आठवड्याचा बराचसा त्रास त्या रिकाम्या रकान्यात होता, पण तेव्हा मला हायसंच वाटलं.

मग चाचणी म्हणून सर्व्हरवर बसूनच १७२.२०.५.२ला पिंग केलं, म्हणजे "आहेस का?" अशी हाक मारली. उत्तर आलं, एका मिलिसेकंदाच्याही आत. साहेबांना फोन लावून सांगितलं, झालं. आता गरज नाही म्हणून वेगाचा लगामही काढून टाकला.

स्वतःच्या मशीनवरून स्वतःच्याच पत्त्याला पिंग करणं म्हणजे आपल्याच घराचं दार आतून वाजवून "कोण आहे?" विचारणं. केबल काढून ठेवली तरी उत्तर येतं. नंतर मी काढून बघितली, आलं.

सोमवार महिन्याची पहिली तारीख होती. दहा वाजून पाच मिनिटं. "सर, पासबुकं निघंनात."

मी सर्व्हरमागं गेलो. जुन्या पोर्टाचा पिवळा दिवा दिवाळीतल्या माळेसारखा फडफडत होता. नव्या कार्डाचा हिरवा दिवा शांतपणे लागलेला आणि शेजारचा पिवळा पाच-सात सेकंदांनी एकदा डोळा मिचकवायचा. ५० एमबीपीएसची लाइन, महिन्याचं भाडं सुरू झालेलं, आणि तिच्यावरून काहीही जात नव्हतं.

तसं जाण्याचं कारणही नव्हतं. नवं कार्ड बसवलं, पत्ता दिला, पण कॉपीनं इकडून जावं हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. मशीन कार्डं बघून वाट ठरवत नाही. ते बघतं की पाकीट कुठं पोचवायचंय, मग आपल्या वाटांच्या तक्त्यात त्या पत्त्याला सर्वात जवळून जुळणारी ओळ शोधतं, आणि अशी खास ओळ नसली तर डीफॉल्ट गेटवेकडं ढकलतं. कार्ड नवं आहे का, महाग आहे का, मोकळं बसलंय का, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

एवढं पुस्तकातलं मला येत होतं. म्हणून मी सांगलीच्या सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे कुठल्या नावाचा पत्ता कोणता त्या यादीत, पुण्याच्या नावापुढं नवा पत्ता लिहिला. काही झालं नाही. सेवा पुन्हा सुरू केली. मशीन रीस्टार्ट केलं. सगळा मंगळवार त्यात घालवला, आणि संध्याकाळी चहा पिताना लक्षात आलं की सांगली पुण्याला हाक मारतच नाही. पुणं सांगलीला मारतं.

आमची रचना ओढून घेण्याची आहे. पुण्याचं मशीन ठरलेल्या वेळी सांगलीच्या ८००७ पोर्टला जोडणी करतं आणि नवे तुकडे ओढून घेतं. मुद्दाम तसं ठेवलंय. उद्या कुणी सांगलीच्या मशीनमध्ये घुसलं, सगळं कुलूपबंद करून खंडणी मागायला लागलं, तरी पुण्यात शिरायचा पासवर्ड सांगलीत कुठंच लिहिलेला नाही. सोय चांगली आहे, पण वाट बदलायची वेळ आली की डोकं फिरवते. हाक पुण्याची, म्हणून सांगलीच्या कुठल्या पत्त्यावर यायचं ते पुण्यात ठरतं. माल मात्र सांगलीतून निघतो, म्हणून तो कुठल्या दारानं बाहेर पडणार ते सांगलीत ठरतं. एकाच जोडणीचे दोन निर्णय, दोन गावांत. मी दिवसभर सांगलीच्या यादीत पुण्याचा नंबर दुरुस्त करत होतो आणि सांगलीनं तो कधी फिरवलाच नव्हता.

बुधवारी पुण्याच्या मशीनवर लांबून शिरलो. तिथं सांगलीचा पत्ता १०.१०.१.२० होता, तो बदलून १७२.२०.५.२ केला. सर्टिफिकेटचा ठसा आधीच नोंदलेला होता, त्यामुळं ओळख पटण्याचा प्रश्न आला नाही. आणि पुण्याच्या तक्त्यात एक ओळ घातली: १७२.२०.५.०च्या घराकडं जायचं तर १७२.२०.६.१मार्गे. जोडणी करून बघितली. वाट बघून बघून टाइमआउट.

आता मात्र अंदाज बांधणं सोडून टीसीपीडंप, म्हणजे कार्डावरून येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारा प्रोग्राम, लावला, सांगलीत, नव्या कार्डावर. या एका गोष्टीसाठी मी शनिवारीच बसायला हवं होतं. स्क्रीनवर स्पष्ट दिसत होतं: पुण्याहून जोडणीची विनंती येतेय, एक सेकंदानं पुन्हा येतेय, मग दोन, मग चार. बाहेर जाणारं उत्तर एकही नाही. म्हणजे पाहुणा दारात उभा, बेल वाजवतोय, आणि घरातलं कुणी उठत नाही. सेवा चालू आहे, पोर्ट उघडा आहे, मग उठत का नाहीत?

कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्याच्या लॉगसाठी एक सेटिंग चालू केल्यावर उत्तर सापडलं, आणि ते वाचून मी एकटाच हसलो. तिथं ओळीमागून ओळ छापली जात होती: मार्शियन सोर्स. मंगळावरून आलेलं पाकीट. लिनक्समध्ये आरपी फिल्टर नावाचा एक पहारेकरी आहे. एखाद्या कार्डावर पाकीट आलं की तो बघतो, या पाठवणाऱ्याला उलट उत्तर द्यायचं झालं तर मी याच कार्डानं देईन का? नाही असं दिसलं तर पत्ता बनावट समजून तो पाकीट तिथंच गपचूप टाकून देतो. वर्षभरापूर्वी ऑडिटच्या यादीत होतं म्हणून मीच तो कडक केला होता. आणि पुण्याच्या १७२.२०.६.२कडं जायची खास ओळ सांगलीत नव्हती, गेटवेचा रकाना मी रिकामा सोडला होता ना. त्यामुळं पहारेकऱ्याच्या हिशेबानं पुण्याला उत्तर जुन्या कार्डानंच जाणार होतं, आणि नव्या कार्डावर आलेलं पुणं सरळसरळ परग्रहावरचं ठरत होतं.

नव्या कार्डापुरता फिल्टर शून्य केला. काही फरक नाही. कार्डाची किंमत आणि सगळ्यांसाठीची सामाईक किंमत, या दोनांत मोठी असेल ती लागू होते, आणि सामाईक १ होती. म्हणून कार्डाची २ केली, म्हणजे सैल. "कुठल्या का कार्डानं असेना, पाठवणाऱ्यापर्यंत वाट आहे ना" एवढंच मग तो बघतो. लगेच उत्तर निघालं. फक्त ते निघालं जुन्या कार्डावरून.

हे मी डोळ्यांनी बघितलं म्हणून पटलं. जुन्या कार्डावर टीसीपीडंप लावला तर पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता १७२.२०.५.२, म्हणजे नव्या कार्डाचाच, अगदी बरोबर. आणि पाकीट चाललंय जुन्या दारानं. तोवर माझी समजूत अशी होती की पाठवणाऱ्याचा पत्ता नव्या कार्डाचा असला की पाकीट नव्या कार्डानंच जाणार. पण टपालाच्या पाकिटावर "प्रेषक" म्हणून आपण काहीही लिहितो, त्यावरून काय पोस्टमन ठरतो? जुन्या दारानं ते फायरवॉलकडं गेलं. फायरवॉलनं हाक आलेली कधी ऐकलीच नव्हती, एकदम "ओ" कसं काय आलं म्हणून तिनं ते टाकून दिलं. तिची चूक नाही.

इलाज एका ओळीचा होता. सांगलीच्या तक्त्यात: १७२.२०.६.०च्या घराकडं १७२.२०.५.१मार्गे. मग आयपी रूट गेट ही आज्ञा देऊन मशीनलाच विचारलं, पुण्याला जायचं तर कुठल्या कार्डानं जाशील? नव्या कार्डाचं नाव आलं. आता पहारेकऱ्याचीही तक्रार राहिली नाही, म्हणून त्याला पुन्हा कडक केलं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून वाट ठरवायची वेगळी तरतूद लिनक्समध्ये आहे, वेगळा तक्ता आणि त्याच्यावर नियम असं करता येतं. अनेक गावांहून लोक ओढायला येत असते तर मी ते केलं असतं. आमचं गिऱ्हाईक एकच, पुणं. सहा महिन्यांनी मलाच ते वाचून कळलं पाहिजे.

जोडणी झाली. पिंग सुरेख. आणि कॉपी सुरू केल्यावर सगळं थिजलं. एरर नाही, टाइमआउटही लवकर नाही, नुसतं बसून राहिलं. एसएसएचनं, म्हणजे लांबून मशीनमध्ये शिरायच्या सुरक्षित वाटेनं, शिरायला गेलो तर तेही किल्ल्यांची देवघेव सुरू होऊन तिथंच अडकलं.

यावेळी दोष शोधायला फार वेळ लागला नाही, कारण तो करताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं आणि ते आठवत होतं. बॅकअपसाठी मोठी पाकिटं चांगली, असं कुठंतरी वाचून मी दोन्ही टोकांना एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा मोठ्यात मोठा आकार, ९००० बाइट केला होता. दोन्ही मशीनांनी आपसात ठरवलं की आपण मोठे गठ्ठे पाठवू. मधल्या राउटरचं दार १५००चं. छोटी पाकिटं सुखानं जायची, म्हणून पिंग चालायचं, हातमिळवणी व्हायची. पहिला मोठा गठ्ठा गेला की तो राउटरच्या दारातच पडायचा, आणि पडला हे कळवणारंही कुणी नव्हतं. पाकीट फोडू नको असं बजावून ८९७२ बाइटचं पिंग केलं, गेलं नाही. १४७२चं केलं, गेलं. त्यात २८ बाइट मथळ्याचे मिळवले की बरोबर १५००. दोन्हीकडं १५०० करून टाकला. मोठ्या पाकिटांचा फायदा एकाच खोलीतल्या, सगळी साधनं आपल्या ताब्यात असलेल्या स्विचवर. भाड्याच्या लाइनीवर त्याच्या नादी लागू नये.

बुधवारी रात्री अकराला मी घरी न जाता सर्व्हरमागं स्टूल टाकून बसलो. अकरा वाजून काही सेकंदांनी नव्या कार्डाचा पिवळा दिवा फडफडायला लागला. जुना शांत. आकडे बघितले, सेकंदाला ५.८ एमबी, म्हणजे ५० एमबीपीएसच्या लाइनीतून जेवढं निघायला पाहिजे जवळजवळ तेवढं. ६२ जीबी तीन तासांत संपले. मी काही तीन तास बसलो नाही, पहिली दहा मिनिटं बघून गेलो, बाकीचं सकाळी लॉगमध्ये वाचलं.

यापुढचे दोन महिने काही घडलं नाही.

मग एका सोमवारी विट्याचा फोन आला. मला आधी वाटलं रिबनबिबन असेल. "सर, पासबुकं…" मी फोन कानाला तसाच ठेवून सर्व्हरमागं गेलो. जुना पिवळा दिवा फडफडत होता.

झालं होतं असं. रविवारी पहाटे पुण्यातल्या त्या जागेत विजेचं काही काम निघालं आणि आमचं मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं. सांगलीची ओळ मी फाइलमध्ये, कार्ड उठलं की आपोआप लागेल अशी, पोस्ट-अपमध्ये लिहून ठेवली होती. पुण्याची ओळ मात्र त्या बुधवारी हातानं टाइप केलेली, आणि हातानं टाइप केलेली ओळ मशीन रीस्टार्ट झालं की जाते. पुण्याला सांगलीची वाट सापडेना, रविवारी रात्री अकराची कॉपी पडली, एररचा मेल गेला. पुण्यात आमच्या हातापायांसारखा एक मुलगा आहे, डिस्क बदलणं, बटण दाबणं यासाठी. मुलगा हुशार आणि तत्पर. सोमवारी सकाळी त्यानं मेल बघितला, सेटिंगचा इतिहास बघितला, सांगलीचा जुना पत्ता दिसला, तो घालून बघितला आणि कॉपी चालू झाली. मला मेसेजही टाकला होता, "सर इश्यू सॉल्व्ह्ड", पुढं अंगठा. सकाळच्या घाईत मीही परत अंगठा दिला.

त्याला काय बोलणार? त्यानं बंद पडलेलं काम चालू केलं होतं. जुना पत्ता का बदलला हे त्याला सांगितलेलंच नव्हतं. आणि जुनी वाट मी उघडीच ठेवली होती. हे बंद पडलं असतं तर एक रात्र कॉपी चुकली असती एवढंच. ते चाललं, म्हणून लाल कुठंच दिसलं नाही, आणि जुन्या वाटेनं पन्नास-साठ जीबी काउंटरच्या डोक्यावरून गेले.

त्या दिवशी दोन गोष्टी केल्या. पुण्याची ओळ फाइलमध्ये लिहिली आणि मुलाला फोनवर ठेवून दुपारी मुद्दाम मशीन रीस्टार्ट करून बघितलं. आणि सांगलीत जुन्या कार्डावर एक नियम लावला: पुण्याच्या जुन्या पत्त्यावरून ८००७ला कुणी आलं तर नाकारायचं. गपचूप टाकून द्यायचं नाही, स्पष्ट नाही म्हणायचं, म्हणजे पलीकडं वाट न बघता लगेच एरर येतो. नियम फक्त त्या एका पत्त्यापुरता, कारण कार्यालयातून आम्ही त्याच पोर्टवर सर्व्हरची स्क्रीन उघडतो. आणि रॅकच्या दाराला कागद चिकटवला, जाड मार्करनं: "पुण्याची कॉपी फक्त नव्या लाइनवरून. जुन्यावर मुद्दाम बंद आहे. उघडायची असेल तर आधी मला फोन." त्याचा फोटो पुण्याच्या मुलाला.

साहेबांना हा नियम पटला नव्हता. त्यांचं म्हणणं, नवी लाइन तुटली तर कॉपी आपोआप जुन्यावरून का जाऊ नये? दोन वाटा आहेत तर दोन्ही वापरा. त्यात तथ्य आहे, आणि मशीनला तसं शिकवणं अवघडही नाही. पण आपोआप गेली तर ती कधी गेली हे मला कळणार विट्याच्या फोनवरून. जुनी वाट उघडायची की नाही हे माणसानं, घड्याळ आणि तारीख बघून ठरवावं, असं मी म्हणालो. "आणि माणूस झोपला असेल तर?" मी म्हणालो, मग एक रात्र कॉपी मागं राहील. त्यावर ते काही बोलले नाहीत.

जुलैत ती रात्र आली. तीन दिवस झड लागलेली, कोयनेतून विसर्ग वाढवलेला, आणि गावात एकमेकांना भेटल्यावर पहिला प्रश्न "आयर्विन किती?" असा. संध्याकाळी आयर्विन अडतीसवर होतं. पावणेनऊला नव्या लाइनीचा दिवा गेला. लाइनवाल्यांनी सांगितलं की हायवेला कुठंतरी केबल तुटलीय, पावसात माणसं उतरणार नाहीत, उद्या बघू. अकराला कॉपी नियमाप्रमाणं पडली आणि एररचा मेल माझ्या फोनवर आला. नियमानं काम चोख केलं होतं. ज्या रात्री ती कॉपी खरोखर पाहिजे, नेमकी त्याच रात्री.

मी कार्यालयात गेलो, छत्री असून भिजून. पुण्याच्या मुलाला फोन केला, जागा होता. त्यानं सांगलीचा पत्ता जुना केला. मी जुन्या कार्डावरचा नियम काढला आणि त्या पत्त्यावर वेगाचा लगाम पुन्हा लावला: रात्री मोकळा, सकाळी आठनंतर ५०० केबी. सव्वाबाराला जुना पिवळा दिवा फडफडायला लागला. तारीख २३ होती, महिनाअखेर नाही, साठच्या आतबाहेर जीबी. हिशेब केला, तासाला नऊ, सातच्या सुमाराला संपेल. साहेबांना मेसेज टाकला की चालू आहे. ते जागेच होते. "आयर्विन एकोणचाळीस," एवढंच त्यांचं उत्तर.

सात वाजून वीस मिनिटांनी कॉपी संपली. मी पत्ता पुन्हा नवा करायला लावला, नियम पुन्हा लावला, रॅकवरचा कागद ओलाव्यानं सुटत होता त्याला नवी चिकटपट्टी लावली. खाली जाऊन चहा घेतला. दहाला शाखा उघडल्या. दहा वाजून वीस मिनिटांनी विट्याचा फोन.

"सर, पासबुकं…"

"निघंनात का?"

"निघत्यात की. रिबन संपलीय. एक पाठवून द्या."